चार ईसाला एक कमी

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. दुपारी ३. मेन गेट.

गेटवर कॉम्प्युटर बसल्यापासून हे व्हिजिटर रजिस्टर अर्धं कोरंच पडलंय. आजपासून ही माझी रोजनिशी. विचार करणाऱ्या माणसाला रोजनिशी लागते. वाचणार कोणी नाही, त्यामुळं खरं लिहायला हरकत नाही. बेताबेतानं.

आज नोटीस लागली. कंपनीची पार्टी, शनिवार २२ तारीख, संध्याकाळी सहा, वाईच्या पुढं धरणाकाठच्या रिसॉर्टवर. खाली मोठ्या अक्षरात: बिंगो नाईट, ॲडल्ट्स ओन्ली. सगळ्यांनी जोडीनं यायचं. सही राणीची. माझी राणी! तीन महिन्यांपूर्वी एच.आर.ला लागली. बाप गेटवर, लेक केबिनमध्ये. आख्ख्या शिरवळ एमआयडीसीत दुसरं उदाहरण दाखवा.

माझा ज्युनियर गुंडा नोटीस वाचून दात काढायला लागला. म्हणाला, मामा, ॲडल्ट म्हंजे तसलंच कायतरी असणार, मामीस्नी न्हेऊ नका. मी म्हटलं, लेकीची सही हाय माझ्या, तोंड सांभाळ. पण पोटात गोळा आला. बारा तासांत तो गेलेला नाही.

संध्याकाळी ६.

राणीला विचारलं. आडून विचारलं. ती हसली. गेल्या वर्षी (मी गेटवर ड्यूटीला होतो) लहान पोरांनी तिकिटं फाडली आणि एकानं नंबरची गोटी नाकात घातली, म्हणून यंदा फक्त मोठी माणसं. बिंगो म्हणजे आपली हौजी. एकानं गोटी काढून नंबर ओरडायचा, बाकीच्यांनी तिकिटावर खोडायचा. हात्तिच्या! मी घाबरलो नव्हतोच.

(वर बारा तास लिहिलंय ते चुकून. तीन.)

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

घात झाला.

मराठी भाषा दिन जवळ आलाय म्हणून राजवर्धन साहेबांनी हुकूम काढला, की बिंगोचे आकडे मराठीतच ओरडायचे. ओरडायला कोणी तयार होईना. राणीनं भर मीटिंगमध्ये माझं नाव सांगितलं. म्हणाली, आमचे तात्या पाढ्यात तालुक्यात पहिले आले होते.

हे मीच तिला सांगितलं होतं. ती तेव्हा दुसरीत होती, पाढे म्हणायला रडत होती. त्याला खोटं म्हणत नाहीत. मार्गदर्शन म्हणतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. मला आकडे येतात. पन्नासपर्यंत तर साहेबासारखे. पुढं जरा गर्दी होते. चौथीतनं शाळा सुटली ती मेंढरांमागं, आणि आटपाडीच्या माळावर दादांनी मोजायला शिकवलं ते ईसात. एक ईसा म्हणजे वीस. दोन ईसा, तीन ईसा, तीन ईसा नि चार. अडीचशे मेंढरं रोज मोजली, एक चुकलं नाही. पुढं गेटवर पेपर वाचून वाचन सुधारलं, लिखाण सुधारलं. रजिस्टरात आकडा लिहायचा असतो, बोलायचा नसतो. तीस वर्षं कोणाला पत्ता नाही.

निश्चय: रोज चार आकडे पाठ. दहा दिवसांत नव्वद गाठणार. घाबरण्यासारखं यात काय आहे?

बुधवार, १२ फेब्रुवारी.

एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. आले! स्वतःला चहा पाजला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

कालचेच चार पुन्हा केले. पाया पक्का हवा.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी. एका घरची चार भावंडं, सारखीच तोंडं. कोण थोरलं, कोण धाकटं, काही कळत नाही.

आणि हे एकोण! एकोणसत्तर राहतो साठात आणि नाव लावतो सत्तराचं. एकोणऐंशी राहतो सत्तरात, नाव ऐंशीचं. हे ज्यानं केलं त्याला गेटवर उभा करून गाड्या मोजायला लावल्या पाहिजेत.

छातीत धडधडतं. चहा कमी करावा.

रविवार, १६ फेब्रुवारी.

मनुबाईनं इरकल बाहेर काढून उन्हात टाकलंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला पहिल्यांदाच मी रिसॉर्टवर नेतोय. (कंपनी नेतेय. पण माझ्यामुळं.) पहिलं बक्षीस पाच लिटरचा कुकर आहे हे तिला राणीकडून कळलंय. आमच्या कुकरचा दांडा तुटून दोन वर्षं झाली, सांडशी लावून उचलते. आज दिवसभर कुकरचंच. आवं, तुमी नंबर काढणार नि मी खोडणार, लय मजा येईल. शाळा तिची दुसरीपर्यंत, पण आकडे वाचते. फोन लावून लावून शिकली.

भाजीवाल्याला म्हणाली, ईसाला एक कमी लिंबं दिलीस, मोज परत. चारचौघात! खुशाल! मला दरदरून घाम फुटला. तिला समज दिली की शिरवळात असं बोलू नये. ती म्हणाली, का बरं, लिंबं शिरवळात येगळी असत्यात व्हय?

सोमवार, १७ फेब्रुवारी.

तोडगा सापडला. राणीच्या केबिनला गेलो. म्हटलं, ॲडल्ट्स ओन्ली आहे, तर गेटवर अनुभवी माणूस नको का? कोण ॲडल्ट, कोण नाही, बघणार कोण? ती जबाबदारी मी घेतो. मन मारून घेतो.

ती म्हणाली रिसॉर्टचा वॉचमन आहे. मग हळूच म्हणाली, तात्या, माजा पहिला कार्यक्रम हाय. हा नीट झाला तर साहेब पर्मनंट करणार हायत. तुमी हायसा म्हणून तर मी निवांत हाय.

आता पोरीचा घास माझ्या जिभेवर. आणि जिभेला चोपन्नच्या पुढं वाट माहीत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

सकाळपासून पाच वेळा जाऊन आलो. कॅन्टीनची उसळ. साखर-मीठ-पाणी चालू आहे. मनुबाई म्हणते भ्याला व्हय तुमी. मी म्हटलं, उसळ.

दुपारी माईकची ट्रायल होती. साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, नाथाजी, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाईन की सेव्हन्टी नाईन? साहेब पाचगणीच्या इंग्रजी शाळेतले. मी ओळखलं, परीक्षा घेतायत. गूढ हसलो आणि म्हटलं, सर, ते तुम्हीच सांगा. साहेबही हसले. दोघंही बराच वेळ हसत होतो. डिस्पॅचचा जयराज म्हणाला, मला तर चाळीसच्या पुढं कायच कळत न्हाई. मला धीर द्यायला बोलला असणार. माझी भीती एवढी दिसते का?

एवढ्या हुशार माणसांत मी एकटाच. मला मारणार हे.

इमर्जन्सी प्लॅन तयार: अडलो तर एकेक आकडा सांगायचा. त्रेसष्ट आला तर सहा, तीन. साधं, स्वच्छ. हे आधी का सुचलं नाही? आता भिण्याचं कारणच उरलं नाही.

सहाव्यांदा जाऊन आलो.

शनिवार, २२ फेब्रुवारी. दुपारी ४. बसमध्ये.

बिरोबाला नारळ बोललोय. अक्षर वाकडं दिसतंय ते रस्त्यामुळं. हात स्थिर आहे.

संध्याकाळी ५.४०. रिसॉर्टचं बाथरूम.

खिडकी बघितली. लहान आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी.

काल जे झालं ते शांतपणे लिहितो.

हॉलमध्ये शंभरएक माणसं. मनुबाई दुसऱ्या रांगेत, इरकल नेसून, पेन मुठीत धरून. राणी स्टेजच्या कडेला. पहिले आकडे देवानं चांगले दिले: बारा, चव्वेचाळीस, सात, एकतीस. माईकमधून माझा आवाज परत आला तो घाबरलेल्या माणसाचा होता. माईक खराब असणार.

मग ६३ आला. प्लॅनप्रमाणं म्हटलं, सहा. तीन. मग ५८. पाच. आठ. लोक खोडत होते. जयराज उठून ओरडला, पहिले पाच झाले! तिकीट तपासलं तर त्यानं ६ वेगळा, ३ वेगळा, ८ वेगळा खोडलेला. अर्ध्या हॉलनं तसंच केलेलं. एकच गलका! साहेब ओरडले, नाथाजी, पूर्ण नंबर, पूर्ण नंबर सांगा.

पुढची गोटी: ७९.

एकोण. एवढं आलं. एकोण कोणाचा? साठाचा, सत्तराचा, ऐंशीचा? गोटी घामानं निसटायला लागली. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. राणी मान डोलावतेय, म्हणा तात्या, म्हणा. डोळ्यांपुढं अंधारी आली, वाटलं आता इथंच बसतोय. आणि तोंडातून दादांचा आवाज निघाला:

चार ईसाला एक कमी!

हॉल चिडीचूप. कोणाला काही कळेना. फक्त दुसऱ्या रांगेत एक पेन कागदावर कर्रकन वाजलं.

मग मी थांबलोच नाही. तीन ईसा नि आठ! दोन ईसा नि पंधरा! चार ईसा नि तीन! भीती गेली. खरंच गेली, पाव तासभर. माळावर उभा आहे आणि मेंढरं वाड्यात शिरतायत असं वाटत होतं. लोक एकमेकांच्या तिकिटात डोकावत होते, हसत होते, आणि मनुबाई खाली मान घालून खोडत होती. शेवटी उभी राहिली आणि ओरडली, आवं, घर भरलं!

फुल हाऊस. तिकिटावरचे पंधराच्या पंधरा आकडे बरोबर.

जयराज खुर्चीवर चढला. म्हणाला, ही नवरा-बायकोची कोडभाषा हाय, फिक्सिंग हाय ही. आणखी चार जण ओरडले. साहेबांनी दुसरा माईक घेतला आणि हसत विचारलं, नाथाजी, ही कुठली भाषा?

दोन वाक्यं होती. सर, ही मेंढरं मोजायची भाषा. मला पुढचे आकडे येत नाहीत. जिभेवर आली होती. समोर राणी. पाढ्यात पहिला आलेल्या बापाकडं बघत होती.

मी म्हटलं, सर, हा सिक्युरिटी कोड आहे.

साहेबांचा चेहरा पडला. म्हणाले, म्हणजे तुमच्या मिसेसना कोड माहीत होता? मग हे फेअर नाही. डाव रद्द. पुन्हा खेळ झाला तो जयराजच्या मोबाईलवर. बाई इंग्रजीत आकडे सांगते, ते ॲप. कुकर कॅन्टीनवाल्याच्या बायकोला गेला. तिच्याकडं तीन आहेत.

मनुबाईनं तिकीट टेबलावर ठेवलं, त्यावर पेन ठेवलं. बसमध्ये राणीशेजारी बसली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली: अडीचशे मेंढरं मोजताना लाज वाटली न्हाई तुमास्नी. आज बायकोला चोर ठरवताना तरी वाटायची हुती.

मला फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो: फार.

सोमवार, २४ फेब्रुवारी.

निश्चय: आज साहेबांना खरं सांगणार. अकराला केबिनपर्यंत गेलो. साहेब फोनवर होते. दुपारी गेलो, जेवत होते. चारला मोकळे होते. तेव्हा गेटवर ट्रक आला. ट्रक सोडून कसं जाणार?

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

साहेबांची गाडी गेटमधून आत आली. काच खाली झाली. मी तोंड उघडलं, आणि सॅल्यूट मारला.

मनुबाई सांडशीनं कुकर उचलते. मुद्दाम आपटते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी.

राणीनं सांगून टाकलं. सोमवारीच! साहेबांना म्हणाली, माझ्या वडलांना पन्नासच्या पुढचे मराठी आकडे येत नाहीत, ते मेंढरांसारखे विसात मोजतात, आणि माझी आई खरी जिंकली. साहेबांनी म्हणे सुस्कारा सोडला आणि म्हणाले, मलाही येत नाहीत. राणीला पर्मनंटचं पत्र दिलं, आणि आज तिच्याबरोबर नवा कुकर घरी पाठवला.

मी तिला विचारलं, तुला कवापासनं माहीत होतं. म्हणाली, दुसरीपासनं. तुमी माजे पाढे पाचाच्या पुढं कधी घेतलेच न्हाईत. म्हटलं, मग माझं नाव का दिलंस. म्हणाली, तात्या, आता तरी शिकला असाल असं वाटलं.

विषय बदलला.

पाडव्याला पुन्हा बिंगो आहे. ड्यूटी लिस्ट लागली. नंबर पुकारणार: सौ. मनुबाई. आधी ईसात, मग मराठीत. आग्रह खुद्द साहेबांचा. रिसॉर्ट गेट, ॲडल्ट चेकिंग: नाथाजी.

गेट मीच मागितलं होतं. उशिरा का होईना, कंपनीला पटलं.

रविवार, २ मार्च. सकाळी १०.

मनुबाईनं राणीचा आकड्यांचा तक्ता भिंतीला लावलाय. ओट्यावर नवा कुकर, खाली ही बसलेली, बोट लावून मोठ्यानं वाचते. अडखळते, हसते, परत म्हणते. शेजारीपाजारी ऐकतात, त्याचंही काही वाटत नाही तिला. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. मग थांबली. मला हाक मारून म्हणाली, आवं, ह्येच्या म्होरं काय म्हणायचं?

मी टोपी घातली आणि म्हटलं, ड्यूटीची वेळ झाली.

गेटवर बसून लिहितोय. गुंडा दोनदा विचारून गेला, मामा, आज तुमची सुट्टी न्हाई का?