नकली पेशंट

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज कामावरचा पहिला दिवस, आणि मी एकदाही रडले नाही! ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आमचं प्रशिक्षण आहे. पॅरामेडिकचा कोर्स झालेल्या मुलींना कारखान्याचा दवाखाना एकटीनं चालवता यावा, म्हणून. खोली लख्ख, ईसीजीचं मशीन नवं कोरं, खिडकीबाहेर जांभळाचं झाड. शिकवायला शशिकांत सर आहेत, मूळचे साताऱ्याचे, फौजेच्या वैद्यकीय दलातून निवृत्त. इथं मराठी बोलणारे आम्ही दोघंच. बाकीच्या मुलींना ते ‘बेटा’ म्हणतात, मला ‘पोरी’. माझ्या जोडीला हिमानी आहे, ती म्हणाली, यार, तेरी तो सेटिंग पक्की है. कानापर्यंत लाल झाले मी.

बाबांच्या बदल्यांमुळे दहावीपर्यंत आईनंच मला घरी शिकवलं. चारचौघांत चुकायची सवयच नाही. चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत घरी पोचल्यावर आईला सगळं सांगितलं. तिनं शिरा केला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सरांची पद्धत मजेची आहे. जेवणाच्या सुट्टीत ते एखाद्या कामगाराला दुखणं पढवून आमच्याकडे पाठवतात. कुणी पोट धरून येतो, कुणी लंगडत. आपण तपासायचं, दुखणं ओळखायचं, आणि शेवटी बिस्किटांचा पुडा देऊन शाबासकी द्यायची.

आज रंगखात्यातला एकजण असा काही कोसळला की मी किंचाळून ॲम्ब्युलन्स मागवली. त्यानं एक डोळा उघडला आणि विचारलं, मॅडमजी, बिस्किट? सगळे पोट धरून हसले. हिमानी दिवसभर ‘डॉक्टरसाब, बचाओ’ करत मागे लागली होती. पुन्हा अशी फसणार नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
आज फसले नाही. हिमानी जेवायला गेली होती. भट्टीवरचे एक सरदारजी आले, गुरमेल सिंग. छातीवर दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम. शब्द न् शब्द पुस्तकातला. तोंडावर पाणी मारून आलेत, हे मी लगेच ओळखलं. मशीन लावलंच नाही. पुडा दिला आणि म्हटलं, अंकलजी, ॲक्टिंग एकदम पक्की!

ते गोंधळले. मग ओशाळून हसले, पुडा खिशात ठेवला, ‘माफ करना पुत्तर’ म्हणाले आणि गेले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
काल सरांनी कुणालाच पाठवलं नव्हतं.

गुरमेल सिंग संध्याकाळी गेटपाशी कोसळले. गेले.

त्यांची बायको आली होती. दवाखान्यात जातोय असं ते तिला फोनवर म्हणाले होते. सरांनी आम्हा सगळ्यांना विचारलं, आले होते का. मी मान हलवली. नाही. सर मॅनेजरना म्हणाले की माझ्या मुली खोटं बोलत नाहीत. बाई म्हणत राहिली, ते मला खोटं का सांगतील? आमच्यातल्या दोघींनी तिला धरून बाहेर नेलं.

जेवताना आईनं विचारलं, बरी आहेस ना? हो म्हटलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
ते आले. भर दुपारी, दार ढकलून. स्टुलावर बसले, छातीवर हात ठेवला. सोमवारपेक्षा जास्त वाकले. मग मान वर करून अदबीनं विचारलं, पुत्तर, अब ठीक है?

या खेपेला नीट जमलं का, असं.

हिमानी आत आली. स्टूल रिकामं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
रोज येतात. रोज आणखी सुधारून. आज ओठ निळे. श्वासाची घरघर. मी मनगट धरलं. नाडी — नव्हती.

त्यांना माझा राग नाही, हेच सोसत नाही. आपलंच काही कमी पडलं असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, अंकलजी, खरं आहे, मला पटलं. ते ओशाळून हसले. मी मन राखायला म्हणतेय, असं वाटलं त्यांना.

बुधवार, १९ नोव्हेंबर
आता मी वर बघत नाही. बघितलं नाही की थोड्या वेळानं जातात. कुणी आत आलं तरी जातात.

बाई आज पुन्हा गेटवर. लोक तिला वेडी म्हणायला लागलेत. ती खरं बोलतेय, आणि हे फक्त मला —

उद्या सरांना सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे.

गुरुवार, २० नोव्हेंबर
सरांना म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत या, एकटेच. येतो म्हणाले. चेहरा उतरलेला होता. कळलं असेल का?

हिमानी गेली. मी वाक्य लिहून काढतेय, म्हणजे तोंडातून फुटेल. सर, ते आले होते. मी त्यांना —

दार उघडलं. सर नाहीत. सर दारातूनच हाक मारतात.

स्टूल सरकलं. तीच घरघर. बघायचं नाही. लिहीत राहायचं. सर आले की जातील —

आज अगदी हुबेहूब. टेबलावर हात आपटला. टेबल हललं. कधी हललं नव्हतं —

नाही बघणार. सर, लवकर या —

पाणी मागताहेत.

मराठीत —