आठ इंचांचा प्रवास

३ मार्च, संध्याकाळ
पाट्यांनी तुझं काय घोडं मारलंय, असं बाबांनी विचारलं. घोडं नाही, पण बेकरीवाल्यांची अंडी मारलीत. पाटे म्हणजे बाबांच्या पिकअपच्या मागच्या चाकांवर धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. जुन्या, ताठ. काल पुन्हा दोन ट्रे फुटले. बेकरीवाले म्हणाले, असंच चाललं तर दुसरी गाडी बघतो. आमचं घर त्यांच्याच अंड्यांच्या फेऱ्यांवर चालतं.
निश्चय: पाटे काढून कॉइलओव्हर बसवणार. म्हणजे शॉकअॅब्सॉर्बरभोवतीच गुंडाळलेली स्प्रिंग. घरातली पहिली पदवी माझी, तीही मेकॅनिकलची. ती काय भिंतीवर टांगायला घेतली?
(आईने टांगली आहे.)

५ मार्च
बाबांना ड्रॉइंग समजावलं. अडायला नको म्हणून सगळं मराठीत. ट्रॅव्हलला, म्हणजे स्प्रिंग दबते त्या अंतराला, 'प्रवास' म्हटलं. पाट्यांचा प्रवास चार इंच, माझ्या स्प्रिंगचा आठ. बाबा विचार करून म्हणाले, आठ इंच जाऊन काय करू गं, बेकरी बारा किलोमीटरवर आहे. आई तोंडाला पदर लावून आत गेली.
बाबा नको म्हणाले नाहीत. मी तो होकारच धरला.

८ मार्च, रविवार
मोजमाप. अचूकतेसाठी गाडीचा हौदा झाडून घेतला, स्टेपनीसुद्धा उतरवली. मग भंगारवाल्याच्या काट्यावर वजन. बाबा शेजारी उभे राहून काहीतरी सांगत होते. मोजताना मी कोणाचं ऐकत नाही.

२१ मार्च
स्प्रिंगा आल्या. पाटे उतरवले. वेल्डरकाकांनी विचारलं, पाटे गेले, आता अॅक्सल जागेवर कोण धरणार, तू? सांगितलं, ते पुढच्या पानावर आहे. पुढचं पान कोरं निघालं. काकांनी चार दांडे लावू म्हटलं. माझ्याही मनात तेच होतं.

२२ मार्च, दुपारी ४
बसलं. लोणी आहे लोणी. आईला मागे बसवून मांडीवर काठोकाठ पाण्याचं पातेलं दिलं आणि स्पीडब्रेकरवरून नेलं. थेंब सांडला नाही. आई म्हणाली, छान, आता उतरव मला. काका म्हणाले, इंजिनियरबाई, जिंकलंत. पाटे भंगारात काढले, तर बाबांनी उचलून कोपऱ्यात नीट झाकून ठेवले. जुन्या माणसांचा जीव अडकतो.
इतर पिकअपवाल्यांसाठी कार्ड छापावं का?

२३ मार्च
साडेतीनशे ट्रे भरले. गाडी मागून खाली बसली, नाक वर. हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. बाबा म्हणाले, ही निघाली कुठे, वर? आठ इंचांचा प्रवास माल भरतानाच उरकला होता. पहिल्या स्पीडब्रेकरवर धाडकन आदळली. एकोणीस ट्रे.
दोष स्पीडब्रेकरचा. उंची नियमात नसणार.
बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, रिकामी गाडी मी कधी चालवली गं? हेच ते काट्यावर सांगत होते म्हणे.
बेकरीवाले म्हणाले, गुरुवारी शेवटचं बघतो. फुटलेली अंडी मी घेत नाही, केक करतो, आमलेट नाही.

२४ मार्च
जेवले नाही. पदवी उतरवून कपाटामागे ठेवली. आईने परत टांगली. थोडी तिरकी.

२६ मार्च, गुरुवार
बेकरीवाल्यांनी ट्रे मोजले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. एकही अंडं फुटलं नाही. सोमवारी या म्हणाले. परत येताना बाबा गाणं गुणगुणत होते.
काल पाटे परत चढवले. पाना बाबांनी माझ्याच हातात दिला. स्प्रिंगा आता कोपऱ्यात आहेत, बाबांनीच नीट झाकल्यात.
नवीन डिझाइन माझं. आई म्हणाली, मग आम्ही झोपायचं कशावर, तुझ्या पदवीवर?
निर्णय: घरातल्या तिन्ही गाद्या ट्रेखाली, कायमच्या. पहाटेच घालून झाल्या. प्रवास दीड इंच. या वेळी भरल्या गाडीत मोजला.