अदलाबदलीची मॅच

३ मार्च, मंगळवार

अदलाबदलीची मॅच काढून टाकली! काढूनच टाकली! आमच्या कॉम्प्युटर गेमच्या ऑल-स्टार स्पर्धेचं नवं वेळापत्रक आज आलं आणि दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मी मोठ्यांदा "अरे देवा" म्हणाले. त्या बाईंना वाटलं, त्यांच्या घड्याळाचंच काही खरं नाही. नुसता सेल बदलायला आल्या होत्या बिचाऱ्या.

आता म्हणे फॉरमॅट बदललाय, प्रेक्षकांची मतं नाहीत. गुणतक्त्यातले वरचे सोळा खेळाडू, हरला की घरी. "स्पर्धेचा दर्जा उंचावण्यासाठी." अहो, दर्जा वर्षभर असतोच की! ऑल-स्टार म्हणजे मजा. एवढ्या मोठमोठ्या खेळाडूंनी त्या दिवशी आपलं काम सोडून दुसऱ्याचं करायचं — ढाल घेऊन पुढे उभा राहणारा मागून नेम धरणार, नेमबाज जखमी गड्यांवर उपचार करत पळणार — आणि सगळ्यांची फजिती! त्या एका मॅचवर आम्ही वर्ष काढतो.

आम्ही म्हणजे मी आणि बाबा. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आतल्या टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसले होते.

४ मार्च

सांगितलं. मग जेवताना एकदम — "म्हणजे बगळा दिसणार नाही."

बगळा हे नाव बाबांनीच ठेवलेलं. तो नेमबाज एका जागी उभा राहतो, हलत म्हणून नाही, आणि मग एकच गोळी. आता वय झालं त्याचं (तिशी!), गुणतक्त्यात पार तळाला. लोकांच्या मतांवरच दरवर्षी येतो. गेल्या अदलाबदलीत दुसऱ्यांवर उपचार करायला निघाला आणि स्वतःच दरीत पडला. बाबा हसता हसता खुर्चीवरून घसरले होते.

आई म्हणाली, "घरात कोणी गेल्यासारखी तोंडं करू नका. वरचे सोळा घेतले यात चुकलं काय?" गणित शिकवते ना शाळेत! घरभेदी.

८ मार्च, रविवार

आयोजकांना लांबलचक तक्रार लिहिली होती. उत्तर आलं — "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." मोलाचा! डोंबल!

संध्याकाळी मी आणि बाबा तोच गेम खेळायला बसलो. एकेकाळी आमच्या जोडीतले नेमबाज तेच. गेले काही महिने मात्र उपचारवाल्याचं काम घेतात. "नेम धरून कंटाळा आला गं." आज टीममधला अनोळखी नेमबाज मध्येच निघून गेला, म्हणून बाबांना त्याची जागा घ्यावी लागली. त्यांचा नेम भिंतभर नाचत होता. "माऊस बिघडलाय," म्हणाले. ते उठल्यावर मी माऊस चालवून बघितला. काही झालेलं नाही त्याला.

मला माहीत आहे. हल्ली चहा घेताना कपबशी वाजते त्यांच्या हातात. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांचं चावीचं घड्याळ किती दिवस तसंच पडलंय. बाबा झाकण उघडतात, बघतात, परत लावतात. मला भीती वाटते. हे त्यांना सांगायचं कसं? ते मला सेल आणि पट्ट्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत. सुट्टीच्या दिवशी जुन्या घड्याळांवर सगळं शिकवलं, पण गिऱ्हाइकाचं घड्याळ आलं की — "चावीची माझी."

१२ मार्च

ऑल-स्टारचं माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त लागलंय. आज विचारलंच, एवढं काय त्यात?

"अगं, एवढी मोठी माणसं चुकतात आणि लोक टाळ्या वाजवतात, असा तो एकच दिवस. एरवी चुकलं तर कोण वाजवतं?"

आणि लगेच पट्ट्यांचा डबा मागितला. मी डबा दिला आणि मागे जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. फार रडू आलं.

१४ मार्च

ठरलं! ते नाही करत ना? आपण करू! ऑल-स्टारच्या दिवशी दुकानात अदलाबदल. मी टेबलावर, बाबा काउंटरवर. गंमत केल्यासारखं सांगितलं.

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "चावीचं उघडशील?"

"उघडेन."

"आणि स्क्रू उडाला तर?"

"तर तुम्ही टाळ्या वाजवा."

हसले! बाबा हसले म्हणजे झालंच.

२१ मार्च, शनिवार

काकांचं घड्याळ उघडलं. स्क्रू उडाला. काउंटरवरून टाळ्या! परत उडाला — परत टाळ्या! गिऱ्हाइकांना कळेना, काय चाललंय. बाबांनी तिकडे एका गृहस्थांना पट्ट्याची एक बाजू तपकिरी आणि एक काळी लावून दिली. ते दारातून परत आले, तेव्हा मीही चिमटा ठेवून टाळ्या वाजवल्या. दुकान की सर्कस!

ती केसाएवढी स्प्रिंग बसवताना बाबा मागे येऊन उभे राहिले. हात खिशात. एकदाही बाहेर काढले नाहीत. फक्त म्हणाले, "श्वास कोंडू नकोस. सोड."

दुपारी घड्याळ सुरू झालं. बाबांनी ते कानाशी धरलं ते धरलंच. मग काका घ्यायला आले तेव्हा त्यांना म्हणाले, "हिने केलंय." एवढंच. मला दिवसभर तेवढंच पुरलं.

संध्याकाळी स्पर्धा बघितली. शेवटची मॅच जबरदस्त झाली, उगाच खोटं कशाला लिहू? पण चॅटमध्ये लोक सारखे बगळ्याचीच आठवण काढत होते. बाबांना अर्ध्यातच डुलकी लागली. आई मात्र शेवटपर्यंत बघत बसली!

२३ मार्च, सोमवार

आज बाबा माझ्या आधीच दुकानात गेले. मी पोचले तर ते काउंटरवर, पट्टे रंगांप्रमाणे लावताहेत. आत टेबलावर भिंग पुसून ठेवलेलं. खुर्ची माझ्या उंचीला वर केलेली.

"बाबा, अदलाबदल शनिवारीच संपली की!"

वर न बघता म्हणाले, "फॉरमॅट बदललाय."