दोन वेढे

लष्कर, ग्वाल्हेर
दि. ९ नोव्हेंबर १९५६

चि. लीला हिला मामाचे आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. अक्षर आता वळणावर येतंय. इकडे राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्यांचं सामान बांधणं चाललंय. तुझी मामी गुडघ्याचं रडगाणं गाते आणि दिवसभर बाजार पालथा घालते.

हजीरा भागातल्या आपल्या कुत्र्यांच्या आश्रयघरात आता चौदा स्वयंसेवक झाले. जहागिरी गेल्यावर सरदारांची कुत्री वाऱ्यावर पडली, तेव्हा आपण चौघंच होतो. हल्ली कुत्रं फिरवणं मी आधी मोकळ्या मैदानात शिकवतो, मग दाना ओलीच्या गल्लीत आणि शेवटी टोपी बाजारात. कुत्रं भिंतीकडे, माणूस टांग्यांकडे. हलवायाचं दुकान येण्याआधीच रस्ता ओलांडायचा. पट्टा घडी करून मुठीत धरायचा, मनगटाला कधीच गुंडाळायचा नाही.

परवा तुझ्याच तुकडीतला भालचंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "काकासाहेब, पहिले तर तुम्ही मनगटाला पट्ट्याचे दोन फेरे घालायला लावत होते ना?" त्याच्या मनात काही नव्हतं. मी मात्र शिकवणं अर्धवट टाकून घरी आलो.

तू विचारलंयस, मामा, तुम्ही तीनदा बजावूनही मी पट्टा मनगटाला का गुंडाळला? तुला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. मी सांगितलं तेच तू खरं धरलंस, आणि माझी बहीण दोन वर्षं तुला हट्टी म्हणून बोल लावतेय.

लीला, मी बजावलं नव्हतं. ते दोन वेढे मीच शिकवले होते. सरदारांच्या कुत्रेखान्यात मी वीस वर्षं होतो, तिथला शिरस्ताच तो. कुत्रं सुटलं तर नोकरी जायची. पण तिथे आमच्यासाठी रस्ते रिकामे करत. जहागीर गेली, नोकरी गेली, माझा तोरा तेवढा राहिला. भर बाजारातही मी तेच चालवलं.

वरातीचा ढोल वाजला आणि तुझ्या हातातला कुत्रा रुस्तम बिथरला. तू ओरडलीस, "मामा, सोडू का?" एक वेढा तू काढलाही होतास. मी म्हणालो, "सोडू नकोस." रुस्तमने तुला टांग्याच्या चाकाखाली ओढलं.

दवाखान्यात तुझ्या वडिलांनी विचारलं, तेव्हा खोटं तोंडातून निघून गेलं, आणि मग ते मागे घेता आलं नाही. तुझी ती हाक मला रोज ऐकू येते, भर दुपारी, जेवताना, दाढी करताना. मी "सोड, सोड" म्हणतो. मामी विचारते, कोणाशी बोलताय? मला तिची भीती वाटते, कारण एक दिवस मी सांगून टाकीन.

तुझ्या आईवडिलांना आजच वेगळं पत्र टाकलंय, त्यात हे सगळं आहे. क्षमा मागायला मला तोंड नाही. तुझं काही चुकलं नाही, पोरी. तू माझं ऐकलंस, म्हणून तुझा हात गेला.

मामा म्हणवून घ्यायला धजत नसलेला,
जगदेवराव