पायवाटेवरचं गेट

भोर

प्रिय उपेंद्र,

एकाच घरात राहून पत्र लिहायची पाळी आली, ही तुझ्या राजकारणाची कृपा. फोन केला तर तुझा पीए सोमनाथ उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत असं मलाच ऐकवतो. घरी तू असतोस तेव्हा बाहेरच्या खोलीत कार्यकर्ते आणि स्वयंपाकघरात त्यांचा चहा. तेव्हा आधी मुद्दा सांगते. या गुरुवारच्या अंकात पहिल्या पानावर तुझी बातमी आहे आणि ती सत्काराची नाही.

पानशेतच्या नव्या हॉटेलवाल्याने धरणाच्या पाण्याकडे उतरणारी पायवाट गेट लावून बंद केली. वस्तीवरच्या बायकांना धुणं घेऊन आता डोंगराला वळसा घालावा लागतो. ही वाट कुठली ते तुला सांगायला नको. आपल्या साप्ताहिकात तिची बातमी पहिल्यांदा तूच दिलीस. बातमीने काही हललं नाही म्हणून चिडून वकील झालास आणि पहिला मोठा दावा जिंकलास तो याच वाटेचा. निकाल लागला तेव्हा वस्तीवरच्या अंबूबाईंनी कोर्टाच्या आवारात तुला खरवस भरवला होता. मला इतका अभिमान वाटला की बातमीत मी जागोजाग तुझं नाव घातलं आणि तू ते खोडत बसलास. पुढे जिल्हा परिषदेला उभा राहिलास, तर वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांनी मतं दिली ती पक्षाला नव्हे, त्या वाटेला. आणि गेल्या महिन्यात त्या हॉटेलचा नारळ तुझ्याच हस्ते फुटला. फोटोत तू छान हसतोयस. मागे ते गेट दिसतंय.

काल अंबूबाई एसटीने भोरला आल्या. मला वाटलं, तुला शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, "बाई, बातमी छापा, पर सायबांचं नाव घालू नका. त्यांना ठावंच नसंल. न्हाईतर त्यांनी गेट हुभं राहू दिलं असतं व्हय?" मी त्यांना चहा दिला. तुझी लाज वाटली मला, उपेंद्र.

ज्याच्यावर बातमी, त्याचं म्हणणं त्याच बातमीत, हा आपल्या अंकाचा शिरस्ता तुझाच. म्हणून हे पत्र. तोंडी विचारलं असतं तर वकिली करून तू मला गुंडाळलं असतंस. बुधवारपर्यंत लिहून दे, नारळ फोडताना ते गेट त्याच वाटेवर आहे हे तुला माहीत होतं का? होतं म्हणालास तर तसं छापीन. नव्हतं म्हणालास तर तेही छापीन आणि अंबूबाईंना वाचून दाखवीन. फक्त खोटं लिहू नकोस. बाकी प्रत्येकाचं म्हणणं मी तपासून घेते. तुझं तपासणार नाही.

बातमी छापूनही तुझीच,
मालिनी