थांबण्याचा नियम

२९ सप्टेंबर
सिल्लोडहून शहरात आले. गारखेड्यात खोली मिळाली, प्रयोगशाळेत नोकरी! आई गावभर पेढे वाटून मोकळी. ही सगळी तिथल्या जुन्या मदतनीस भानुमतीताईंची कृपा. आपल्या जागी त्यांनीच माझं नाव सुचवलं. प्रयोगशाळेचे प्रमुख वैजनाथ सरांनी काम समजावलं. धातूत थोडी थोडी भेसळ वाढवायची. एका हद्दीनंतर वीज वाहायची थांबते. आतला इलेक्ट्रॉन भरकटून जागच्या जागीच अडकतो. सरांचा दावा असा, की धातू कुठलाही असो, थांबण्याचा नियम एकच. आलेखावर सगळ्यांच्या रेघा एकावर एक बसतात.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. यंत्रांना हळदकुंकू, झेंडू, लाल नाडा. उरलेला नाडा ताईंनी माझ्या मनगटाला बांधला आणि त्याचं टोक कापून धातूच्या नव्या नमुन्याच्या डबीत ठेवलं. इथली रीत, म्हणाल्या. मी पण यंत्रच का, असं मी चिडवलं. ताई हसल्या नाहीत. त्यांच्या मनगटावर जुना वळ होता.

७ ऑक्टोबर
नमुन्यात भेसळ वाढवली. संध्याकाळी सिल्लोडची एसटी गाठायला निघाले, तर रिक्षा फिरून पुन्हा प्रयोगशाळेच्या फाटकाशी. रिक्षावाला डोकं खाजवत म्हणाला, "रस्ता तर तोच हाय, ताई!" मला हसूच आलं.

१० ऑक्टोबर
पुन्हा भेसळ. आता गारखेडाही लागत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीपुढे गेलं, की मी फाटकातच. ताईंनी स्वतःचा डबा मला भरवला. सख्ख्या बहिणीसारख्या वाटल्या. आईला फोन केला. ती म्हणाली, "काम लई झालं असंल. दिवाळीला न्यायला अपेक्षाला धाडते." अपेक्षा माझी धाकटी बहीण.

१३ ऑक्टोबर
भेसळ वाढते तशी माझी वाट आखडते, म्हणून मी भेसळ बंद केली. तरी आज व्हरांड्यापुढे जाता येईना. सरांच्या पडद्यावर धातूंच्या रेघा, आणि त्यांवर तंतोतंत बसलेली एक नवी रेघ. माझ्या चालण्याची. माणसालाही तोच नियम, सर म्हणाले. आनंदानं रडत होते. माझ्यामागं भेसळ ताई घालत होत्या.

१५ ऑक्टोबर
नाडा कापत नाही. कात्री, ब्लेड — काहीच नाही. ताई म्हणाल्या, आधी असाच नाडा त्यांच्या हातावर होता. दुसऱ्या कुणाला गुंतवल्याशिवाय गाठ सुटत नाही. केसानं गळा कापला माझा, आणि वर डबा भरवला —

१७ ऑक्टोबर
खुर्ची. टेबल. एवढंच —
अपेक्षा फाटकाशी आलीय. फोनवर विचारतेय, वर येऊ का. येऊ नको, एवढंच म्हणायचं —
गाठ सैल होतेय. मी अजून बोललेच नाही. नुसतं मनात आलं, ये —