प्लास्टिकची मोरपिसं

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. नागझिऱ्याजवळच्या एका रिसॉर्टला शनिवार-रविवारपुरती रिसेप्शनवर मुलगी पाहिजे होती. कॉलेज सांभाळून जमलं असतं, म्हणून आज मुलाखतीला गेली. वर्गातली कोमल नुसती सोबतीला आली होती.

मॅनेजरनं माझं आडनाव वाचलं आणि एकदम खूश झाला. "तुम गोंड हो ना? फिर रिसेप्शन क्यों? शाम को गेस्ट के सामने आदिवासी डान्स करो." कपाटातून त्यानं एक मुकुट काढला. त्याला मोरपिसं लावली होती, तीही प्लास्टिकची!

मी म्हटलं, "सर, मी कॉम्प्युटर शिकली आहे. नाचायले नाही आली."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वैसे भी तुम असली आदिवासी लगती नहीं."

काऊन? चष्मा लावून गेली म्हणून? आजीच्या गोंडीतल्या सगळ्या शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या. कायले गिळल्या मी?

मग तो मुकुट त्यानं कोमलच्या डोक्यावर ठेवला. "ये जमेगी." कोमल गोंड नाही, तिच्या घरी गोंडीचा एक शब्द कोणाले येत नाही. आणि ती बया ती प्लास्टिकची पिसं सावरत आरशात हसून राहिली होती! मी एकटीच बसनं परत आली.

आत्ताच तिचा फोन आला. "काऊन वं, रागावली का? शनिवारपासून जायचं आहे. तुमचा नाच शिकव ना मले."

मी म्हटलं, "तुह्या मॅनेजरलेच विचार. असली कोण, ते त्यालेच मालूम आहे."